बोलीच्या बदल्यात म्हैस

वाटणीत घरची बोली धाकट्या रूपसिंगाकडे गेली आणि तिच्या बदल्यात काळी म्हैस थोरल्या हिरासिंगाकडे. पंचांनी तसं सांगितलं, दोघा भावांनी माना डोलावल्या, कडुलिंबाखाली गूळ वाटला गेला. हे असं झालं.

पण या भावांच्या, म्हणजे गिराश्यांच्या घरात आजही कुणाला विचारा, असं काही झालंच नाही म्हणतात. वाटणी झाली ती जमिनीची, बैलांची, भांड्यांची. बोली कुणी वाटतं होय? आणि म्हैस तर आधीपासून थोरल्याच्याच दावणीला होती. म्हशीला विचारायची सोय आता राहिलेली नाही, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

त्या दिवशी सकाळी पंच आले तेव्हा सतरंजी घरात नव्हती, बाहेर लिंबाखाली अंथरलेली होती. उत्तमराव पाटलांना त्याचं नवल वाटलं नाही. गिराश्यांचं भांडण उंबऱ्याबाहेर होतं, हे साखरा गावात लहान लेकरालाही ठाऊक होतं.

तो नेम गुलाबसिंगाचा, म्हणजे या दोघांच्या बापाचा. त्याचा बाप तापीकाठ सोडून हिंगोलीच्या छावणीत घोडेस्वार म्हणून आला होता. छावणी उठली, हा उठला नाही. साखऱ्याला जमीन धरून राहिला. खानदेशातून येताना त्याने दोन वस्तू आणल्या होत्या, एक तलवार आणि एक अहिराणी. तलवार गंजली. अहिराणी मात्र रोज वापरात होती. 'का?' विचारायला गाव 'काहून' म्हणायचं, हे 'काब्र' म्हणायचे. गाव 'आहे' म्हणायचं, हे 'शे' म्हणायचे. आणि गावाला वाटायचं की ही माणसं आपल्याच मराठीत काहीतरी चोरून बोलतात. गुलाबसिंगाने त्या बोलीला देव्हाऱ्यातल्या देवासारखं जपलं. मुलं भांडायच्या वयाची झाली तेव्हा त्याने त्यांना समोर बसवून सांगितलं, "हाई आपली मायनी बोली शे. हिनामा भांडनं नही. भांडनं व्हई ते बाहेर जा आन गावनी बोलीमा भांडा."

मुलांनी तो नेम पाळला. जरा जास्तच पाळला. एकदा भाजीत मीठ जास्त झाल्यावरून जेवता जेवता वाजलं, तर दोघे भाऊ ताटं हातात घेऊन अंगणाबाहेर गेले, उभ्याने भांडले आणि परत येऊन उरलेली भाकरी खाल्ली. श्रावणात डोक्यावर घोंगडी घेऊन भांडले. नवरा-बायकोची भांडणंही बाहेरच होत, त्यामुळे या घराचं गावापासून काही म्हणता काही लपलेलं नव्हतं.

गुलाबसिंग गेला, आणि नंतर भावाभावांत काय काय झालं ते गावाने लिंबाखाली ऐकलंच आहे. सांगायचं एवढंच, की हळूहळू दोघांमध्ये भांडणाखेरीज बोलण्यासारखं काही उरलं नाही. मग ते सदा बाहेरच. लिंबाखाली गावच्या बोलीत पहिल्या दर्जाची भांडणं व्हायची आणि आत अहिराणी अगदी शुद्ध, निर्मळ आणि रिकामी पडून असायची.

रिकामी म्हणजे अगदीच नाही. चुलीपाशी ती दोन तोंडांत होती. एक तोंड थोरल्या सुनेचं, मिराबाईचं. दुसरं सखूचं, रूपसिंगाच्या पाच वर्षांच्या मुलीचं.

---

"तलवार एक हाय," उत्तमराव म्हणाले. "थोरल्याला तलवार, धाकट्याला म्यान."

"म्यान घेऊन मी काय करू?" रूपसिंग म्हणाला.

"तलवार घेऊन ह्यानं काय केलं इतके दिवस?"

हिरासिंगाने म्यानाकडे एकदा बघून घेतलं. खरं म्हणजे त्याला म्यान हवं होतं. त्याच्यावर चांदीचं काम होतं. पण पाटलांच्या वाटणीत बोलून काही हाती लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. उत्तमरावांची ख्याती पंचक्रोशीत होती, की ते काहीही न वाटता सोडत नाहीत. मागे त्यांनी दोन चुलतभावांत एका चिंचेची सावली वाटून दिली होती, सकाळची एकाला, दुपारनंतरची दुसऱ्याला. त्यानंतर ते दोघे दिवसभर कामधाम सोडून सूर्याकडे बघत बसत. पण न्याय झाला होता.

विहीर तेवढी सामाईक राहिली, कारण ती चिरली तर दोघांच्याही वाट्याला खड्डाच येणार, असं पाटील म्हणाले. सोबत हिंगोलीचे अर्जनवीस विश्वंभरपंत होते. ते तहसिलीत द्यायचा कागद उर्दूत उतरवून घेत होते आणि प्रत्येक भांड्याला उर्दूत काय म्हणतात या विवंचनेत होते.

रूपसिंगाचं लक्ष वाटणीत अर्धंच होतं. दूरदेशीच्या लढाईमुळे कापसाला भाव आला होता, हिंगोलीच्या जिनिंगात त्याला मुकादमी मिळत होती, सासुरवाडीजवळ खोली बघून ठेवली होती. त्याला जमिनीतला वाटा कुळाला लावून निघायचं होतं. इथून निघायचं, एवढंच होतं. हा लिंब, हा ओटा, बाहेर येऊन बोलणं. आपल्या घरात बसून, पाय पसरून, एकदा मनासारखं ओरडावं, अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती.

"आनखी काही राहिलं का?" उत्तमरावांनी विचारलं. "मागून म्हणाल, पाटलानं अमुक ठेवलं. आता सांगा."

दाराआडून बाईमाणसाचा आवाज आला.

"बोली राही गई."

सतरंजीवरचे सगळे दाराकडे वळले. मिराबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि पदराच्या टोकाला सखू.

"काय म्हनतात वहिनीसाहेब?" उत्तमराव.

हिरासिंग खाकरला. "म्हनते की, बोली राहिली. वाटायची."

"कोनची बोली?"

"घरची."

रूपसिंग हसला. विश्वंभरपंतही हसले, पण उत्तमराव हसले नाहीत असं बघून त्यांनी हसू टाकाबरोबर पुसून टाकलं.

मिराबाईला चेष्टा करायची नव्हती. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला अहिराणीखेरीज काही येत नव्हतं, आणि सासऱ्याने तिला दुसरं काही शिकू दिलं नाही. माहेरची माणसं एकेक करून गेली होती. पोट पिकलं नाही. सखूच्या वेळी धाकटी जाऊ नर्मदा बाळंतरोगाने महिनोनमहिने अंथरुणाला खिळली, तेव्हा ते लेकरू मिराबाईने मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानात जे बोलली ते त्याच्या तोंडातून परत आलं. एवढं एकच पीक तिचं आलं होतं. आता परवा सामान गाडीत चढणार, सखू हिंगोलीला जाणार. मग चुलीपाशी कुणाशी बोलायचं? धन्याशी? धनी बाहेर असतो. पंच सगळं वाटतात म्हणे, सावलीसुद्धा. मग हेही वाटावं. सखू मागायचा तिला हक्क नव्हता. बोलीत अर्धी सखू येईल, असा तिचा हिशेब होता.

"आता वाटायला पाहिजेच," उत्तमराव मांडी सावरून म्हणाले. "मागनी आली म्हनल्यावर सोडता येत न्हाई. वडिलार्जित हाय का सोतःची कमाई?"

"वडिलार्जित," हिरासिंग म्हणाला.

"स्थावर की जंगम?" विश्वंभरपंतांनी विचारलं. कागदात दोन रकाने होते.

"खानदेशातून इथवर आली, म्हंजे जंगम."

"पाटील," रूपसिंग म्हणाला, "तुमी खरंच वाटून राहिले का?"

"तू गप. वापर कोन करतं?"

"बायको करते," हिरासिंग म्हणाला.

"आन तुमी?"

हिरासिंगाने लिंबाच्या पानांकडे बघितलं. बापाच्या माघारी आपण शेवटचं अहिराणीत कधी बोललो, हे त्याला आठवेना. झोपेत बोलत असलो तर कुणास ठाऊक. "न्हाई," तो म्हणाला.

"पुढं कोन चालवनार? वारस कोन?"

सगळ्यांचे डोळे पदराच्या टोकाकडे गेले. सखूने जीभ बाहेर काढून दाखवली.

"झालं," उत्तमराव म्हणाले. "वारस धाकट्याचा, म्हनून बोली धाकट्याला. थोरल्याचं नुकसान होऊन राहिलं, म्हनून त्याला बदल्यात काळी म्हैस. दोन्ही दूध देत्यात असं धरा. ल्ह्या पंत."

मिराबाई दाराआड तशीच उभी राहिली. तिला गावची बोली बोलता येत नव्हती, पण समजत होती. आपण मागायला गेलो आणि होतं तेही दुसऱ्याच्या नावावर करून आलो, हे तिला म्हशीच्या शब्दापाशी समजलं.

"म्हैस?" रूपसिंग उठून उभा राहिला. "व्याल्याला पंधरा दिस न्हाई झाले, ती म्हैस? असल्या बोलीपाई? हिंगोलीत उर्दू लागते, हिंदी लागते, मराठी लागते. ही चवथी जीभ ठेवाले तोंडात जागा कुठं हाय?"

"पंचाचा शब्द हाय."

"बराबर हाय." रूपसिंग थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मिराबाईने पदराआडूनही पाहिलं. "म्हंजे ती आता माही झाली. बराबर? माह्या वाट्याच्या बैलाले मी जुंपीन न्हाईतर बांधून ठेवीन. मग आयका. आजपासून ही बोली बंद. माही चीज हाय, कोन वापरायची न्हाई. थोरल्याच्या घरात तर न्हाईच न्हाई."

उत्तमरावांनी क्षणभर विचार केला. त्यांना त्यात चूक सापडली नाही. त्यांनी गूळ वाटायला सांगितला.

---

मिराबाई बोलायची थांबली.

रुसली नाही. कामं करत होती, दळत होती, धार काढत होती. म्हैस आता तिचीच होती. फक्त तोंडातून शब्द काढत नव्हती. पंचांनी बोली दुसऱ्याची केली होती, आणि दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरणं तिच्या माहेरी चोरी समजत. गावची बोली तिच्या जिभेवर बसत नव्हती. राहिलं काय? हात राहिले. हिरासिंगाला भाकरी हवी का, हे ती हाताने विचारू लागली. पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेतातून आला, पाण्याचा तांब्या घेतला, आणि त्याला एकदम बापाच्या तेराव्याचा दिवस आठवला. घर तसंच लागत होतं.

नर्मदा सामान बांधत होती. नर्मदेला आनंद व्हायला हवा होता. ती हिंगोलीच्या परदेशी मोहल्ल्यातली, लग्नानंतर नऊ वर्षं या घरात तिने पाहुण्यासारखी काढली. सगळं समजायचं, बोलायचं मात्र नाही. बोललं आणि चुकलं तर सासरा हसायचा. पुढे तिचीच पोरगी हसू लागली. एकदा सखू झोपेत घाबरून उठली, आईच्या कुशीत होती, आणि आईला बिलगून हाक मारली "मोठी माय". ते नर्मदेने कुणाला सांगितलं नव्हतं. हिंगोलीला गेल्यावर ती पोरगी आपली होईल, असं तिने मनाशी धरलं होतं. नवऱ्याने बोली बंद केली तेव्हा तिला वाटलं, देव पावला.

आता ती गोधड्यांची वळकटी बांधत होती आणि स्वयंपाकघरातून आवाज येत होता.

"मोठी माय. तू काब्र बोलत नही?"

भांड्याचा आवाज.

"मोठी माय. मी काय करं?"

नर्मदेच्या हातातली दोरी थांबली. पोरगी विचारत होती, मी काय केलं. तिला वाटत होतं आपलंच काही चुकलं. नर्मदेने आत डोकावून बघितलं. मिराबाई चुलीसमोर बसली होती, तोंडात पदराचा बोळा धरून, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. धुराचं म्हणावं तर चूल पेटलेली नव्हती.

"जीजी," नर्मदा म्हणाली. "बोला ना तिच्याशी. मी कुनाला सांगत न्हाई."

मिराबाईने नकाराची मान हलवली. दाराकडे, रूपसिंगाच्या खोलीकडे बोट केलं. मग दोन्ही तळहात उघडे करून दाखवले. रिकामे.

---

दिवेलागणीला सगळे जेवायला बसले. उद्या गाडी निघायची होती, म्हणून शेवटचं जेवण एकत्र. पानं वाढली होती. सखू जेवेना.

"जेव," रूपसिंग म्हणाला.

"मोठी माय बोली तवय जेवसू."

"ती बोलणार न्हाई. जेव. आन असं बोलू नको, सांगितलं न्हाई का? मले भूक न्हाई, असं म्हन."

"माले भूक शे," सखू म्हणाली. "पन मी जेवाव नही."

"मी काय सांगून राहिलो?"

"मी जेवाव नही. तू वाईट शे. तू मोठी मायना तोंडले कुलूप लाई दिधं."

रूपसिंगाने ताट सरकवलं आणि ओरडला. नऊ वर्षांचं, कदाचित जन्माचं साठलेलं ओरडला.

"तुले सांगं ना मी? आते चूप बठ!"

सगळे थिजले. भिंतीवरची पाल सरकायची थांबली, असं सखू मोठेपणी सांगत असे, पण ती काहीही सांगते. रूपसिंगाचाही हात हवेत राहिला. तो घरात ओरडला होता, आणि बापाच्या बोलीत ओरडला होता. गुलाबसिंगाच्या नेमाला दोन पायांनी एकदमच ओलांडून गेला होता.

हिरासिंगाच्या हातात घास होता. नेमाप्रमाणे त्याने उठून बाहेर जायला हवं होतं. तो अर्धा उठलाही. मग परत बसला.

"पोरवर काब्र वरडस?" तो म्हणाला. शब्द जाड झाले होते, वापर नसलेल्या कुलपासारखे. "काय बोलनं ते मन्हासंगे बोल."

"तुन्हासंगे काय बोलू? तू मन्ही म्हैस लई गया."

"तुन्ही? तुन्हा बापनी म्हैस व्हती ती."

"तो तुन्हाबी बाप व्हता!"

"मंग!" हिरासिंग म्हणाला, आणि आपलं काय म्हणणं होतं ते विसरला.

दोघांची पंचाईत झाली होती. या बोलीत ते कधी भांडलेच नव्हते, त्यामुळे शिव्या कुणाला येत नव्हत्या. गावच्या बोलीतल्या शेकड्याने येत होत्या, पण त्या या वाक्यांत बसेनात. रूपसिंगाने शोधशोध शोधून बाप नांगरावरच्या आळशी बैलाला म्हणायचा तो शब्द काढला. हिरासिंगाने बाप दुसऱ्या बैलाला म्हणायचा तो काढला. मग दोघे थांबले, कारण बापाचा आवाज दोघांच्याही तोंडातून जसाच्या तसा आला होता.

"बाबा ते लंगड्या बैलले असंच म्हने," हिरासिंग हळू म्हणाला.

"तो बैल भलता चांगला व्हता," रूपसिंग म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवलं.

तेव्हा चुलीपाशी उभी असलेली नर्मदा बोलली. नऊ वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर अहिराणीत.

"बठ्ठा चूप बठा. आंडेर सखू भुकी शे, आन तुमी म्हैस म्हैस करी ऱ्हायनात." तिने दम घेतला. उच्चार हिंगोलीचे होते, पण कुणी हसलं नाही. "जीजी, तुमी बोला. तिले मी हिंगोलीत जसं येईल तसं बोलसू. चुकीमाकीनं बोलसू. पन तिले काय चुकलं ते सांगाले कोनीतरी पाहिजे. तुमी बोलनात नही ते मी कोनाकडतीन शिकू?"

मिराबाईने पदर तोंडातून काढला. सगळ्यांना वाटलं, रडेल. तिने आधी दिराकडे बघितलं. परवानगी मागत होती की काय, ते समजलं नाही. रूपसिंगाने मान खाली घातली आणि ताट पुन्हा पुढे ओढलं.

"'बोलनात नही' नही," मिराबाई नर्मदेला म्हणाली. "'बोलतस नही'." मग सखूकडे वळली. "जेवी ले माय."

सखू जेवली. दोघे भाऊ पुन्हा म्हशीवरून भांडले, ताटावरून न उठता, घरात. बोली चालायची असेल तर तिला चप्पल झिजवूनच चालावं लागतं, हे गुलाबसिंगाला कुणी सांगितलं नव्हतं.

---

सकाळी गाडी निघालीच. जिनिंगचं काम होतं, खोली घेतलेली होती, माणसं एका रात्रीत बदलत नाहीत. वाटेत रूपसिंगाने गाडी पाटलांच्या दारात थांबवली. हिरासिंगही मागून चालत आला होता. मिराबाई सखूचं बोट धरून.

"बोली मले नको," रूपसिंग म्हणाला. "म्हैस राहू द्या त्याच्याकडं. वाटणीतून बोली काढा."

"पंचाचा शब्द मागं घेता येत न्हाई," उत्तमराव म्हणाले. ते दुःखाने म्हणाले, पण म्हणाले. "सावली वाटली ती सुदीक मागं घेता आली न्हाई. ते चिंचंचं झाडच तोडावं लागलं. आता सरकारच काय करंल ते करंल. पंतांकडून अर्ज करा."

मिराबाईने सखूला गाडीत चढवलं. सखू तिला विचारत होती, तू कधी येशील. मिराबाई उत्तर देत होती, आणि गाडी चालू झाल्यावरही देत होती, मोठ्याने, वाटेवरचं सगळं गाव ऐकत असताना. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ती थोडा वेळ बोलत राहिली. हिरासिंग शेजारी उभा होता. ती थांबल्यावर त्याने विचारलं, "चालस ना घर?" मिराबाईने त्याच्याकडे वळून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वाटेवर त्याने तिला काही विचारलं, असं पहिल्यांदाच होत होतं.

विश्वंभरपंतांनी हिंगोलीत रूपसिंगाच्या सांगण्यावरून लिहिलेल्या उर्दू अर्जाचा हा मराठी तर्जुमा:

'बखिदमत तहसीलदारसाहेब, तहसील हिंगोली. अर्जदार रूपसिंग वल्द गुलाबसिंग व हिरासिंग वल्द गुलाबसिंग, राहणार मौजे साखरा, अदबीने अर्ज करतात की, पंचांनी केलेल्या वाटणीत आमची घरची बोली नजरचुकीने एकाच्या नावे दर्ज झाली आहे. सदर बोली चिरता येत नाही व बांधून ठेवल्यास मरते, असा अनुभव आला. सबब ती विहिरीप्रमाणे सामाईक दर्ज व्हावी. दोन्ही घरच्या माणसांना, सुनांसह, तिच्यातून रोज पाणी भरण्याचा हक्क असावा. दर पोळ्याला दोन्ही घरे साखऱ्यास एकत्र जमून घराच्या आत त्याच बोलीत भांडतील, तो शांततेचा भंग समजू नये, असे चौकीस कळवावे. पैकी मिराबाई जवजे हिरासिंग यांना उर्दू व मराठी येत नाही. तरी हा हुकूम त्यांना वाचून कळावा म्हणून तो अहिराणीत लिहावा, सरकारी मोहोर करावी, आणि साहेबांनी स्वतः साखऱ्यास येऊन चुलीपाशी मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.'